मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नला

७ मे २०१२. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावात, ईवुड पार्क मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन अॅथलेटिक यांचा प्रीमियर लीगमधला सामना रंगला होता. हरले तर रोव्हर्सची खालच्या श्रेणीत घसरण पक्की होती. सामना सुरू असतानाच प्रेक्षकांतून कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर रोव्हर्सच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचे कापड होते. खेळ थांबला, कोंबडीला धरून बाहेर नेले, खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला आणि रोव्हर्स ०-१ असे हरले. सलग अकरा हंगाम अव्वल श्रेणीत काढलेला हा क्लब त्या दिवशी जो बाहेर पडला, तो अजून परतलेला नाही.

ती कोंबडी कुणासाठी होती हे मराठी वाचकाला लगेच उमगेल. क्लबचा मालक होता पुण्याचा व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह, म्हणजेच आपल्या रोजच्या परिचयातले वेंकीज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभा केलेला हा उद्योग. देशातल्या विखुरलेल्या अंडी उत्पादकांना राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या छत्राखाली आणण्यातही रावांचा पुढाकार होता. भारतीय कुक्कुटपालनाचा इतिहास हे नाव टाळून लिहिता येत नाही. अशा कर्तबगार घराण्याने घेतलेल्या क्लबचे चाहते पंधरा वर्षे नाराज का, हा प्रश्न म्हणून आपल्यालाही जवळचा आहे. आणि तो एकट्या ब्लॅकबर्नचा नाही. घसरणीला लागलेल्या क्लबचे चाहते आणि त्याचा कारभार हाकणारे यांच्यातला झगडा आज फुटबॉलच्या साऱ्या जगात चालू आहे.

गिरणगावाचा क्लब

ब्लॅकबर्नची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. लँकेशायरमधले हे कापडगिरण्यांचे गाव. हिंदुस्थानात विकायची धोतरे इथल्या मागांवर विणली जात. स्वदेशीच्या चळवळीने इथले माग थंडावले, तेव्हा सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले होते. त्या काळाआधीपासून रोव्हर्स इथे आहे. क्लबची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होता आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही तो संस्थापक सदस्य होता. ईवुड पार्क १८९० पासून त्याचे घर आहे. सहा एफए कप आणि तीन लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत.

तिसरे विजेतेपद १९९५ चे. ते शक्य झाले जॅक वॉकर यांच्यामुळे. वॉकर गावातलेच. पोलादाच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. केनी डॅलग्लिश यांना त्यांनी मॅनेजर म्हणून आणले, अॅलन शिअररला त्या वेळच्या विक्रमी ब्रिटिश किमतीला घेतले आणि तीन बाजूंचे स्टँड नव्याने बांधले. २००० मध्ये वॉकर वारले. पुढे क्लब त्यांच्या नावाच्या ट्रस्टकडे होता. ट्रस्टला कालांतराने तो भार नकोसा झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब पुण्याच्या राव कुटुंबाकडे आला.

गावातल्या माणसाच्या मनात मालक म्हटला की वॉकर उभे राहतात. या तुलनेत कोणताही नवा मालक कमीच पडला असता, हे मान्य करायला हवे. पण पुढे जे घडले त्याचा उलगडा केवळ या तुलनेने होत नाही.

पहिली तीन वर्षे

नव्या मालकांनी क्लब घेतला तेव्हा मॅनेजर होते सॅम अॅलरडाइस. फार देखणा खेळ नव्हे, पण संघाला तरंगत ठेवण्यात हातखंडा. १३ डिसेंबर २०१० रोजी, संघ तेराव्या स्थानावर असताना, त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते संघाचे प्रशिक्षक होते, पण कोणत्याही क्लबचे मॅनेजरपद त्यांनी तोवर भूषवलेले नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये अनेक वर्षे क्लबचा गाडा ओढणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स बाहेर पडले. इंग्लिश फुटबॉलचा अनुभव नसलेल्या मालकांजवळ अनुभवी माणसे होती, तीही अशी एकेक करून गेली.

२०११-१२ च्या हंगामात चाहत्यांनी मोर्चे काढले, फलक झळकावले. ऑक्टोबर २०११ मध्ये, संघ तळाशी चाचपडत असताना, त्याला पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीचा सामना खेळायला आणले गेले. पुण्यातल्या फुटबॉलप्रेमींसाठी तो आनंदाचा दिवस होता. ब्लॅकबर्नमध्ये मात्र मालकांना गावाच्या काळजीची कल्पनाच नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. घसरण झाल्यावर कीन सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस पायउतार झाले.

त्यानंतरचा प्रसंग साऱ्या कहाणीवर प्रकाश टाकतो. १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू हेनिंग बर्ग याला ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मॅनेजर नेमले गेले. दहा सामन्यांत एक विजय मिळाला आणि ५७ दिवसांनी त्याला घरी पाठवले. करारानुसार उरलेल्या मुदतीचा पगार देणे भाग होते. क्लबने साडेबावीस लाख पौंडांचे देणे आधी मान्य केले. मग भूमिका फिरवली आणि न्यायालयात सांगितले की, असा करार करण्याचा अधिकार क्लबच्या व्यवस्थापकीय संचालकांना नव्हताच. न्यायालयाने हे ऐकले नाही आणि एप्रिल २०१३ मध्ये पूर्ण रक्कम द्यायला लावली. तोवर पुढचे मॅनेजर मायकेल अॅपलटन यांचीही ६७ दिवसांत गच्छंती झालेली होती.

रक्कम मोठी होती, पण मुद्दा रकमेचा नाही. सही करणारा अधिकारी ब्लॅकबर्नला, निर्णय घेणारे पुण्यात, आणि कुणाला कशाचा अधिकार आहे हे खुद्द क्लबलाच ठामपणे सांगता येत नाही. त्या कज्ज्यात हे चित्र चव्हाट्यावर आले. चाहते दोन वर्षे हेच ओरडून सांगत होते.

पैसा घातला, तरीही

मालकांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी क्लबमधून पैसा उपसला, असे म्हणता येणार नाही. उलट आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी त्यात ओतली. घसरणीनंतर लगेच जॉर्डन ऱ्होड्स हा गोल करणारा हुकमी खेळाडू ८० लाख पौंडांना घेतला. अकादमी सर्वोच्च दर्जाची ठेवली. २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षे टोनी मोब्रे यांच्या हाती संघ राहिला आणि तो काळ बऱ्यापैकी शांततेचा होता. दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे चॅम्पियनशिपचे, अर्थकारणही मुळात आतबट्ट्याचे आहे. प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशाचे आमिष इतके मोठे की, तिथे पोहोचण्याच्या शर्यतीत अनेक क्लब मिळकतीपेक्षा अधिक रक्कम नुसत्या पगारावर खर्च करतात. नियमानेच तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंत तोटा करायला मुभा आहे. मालकाने दरवर्षी खिशात हात घातला नाही, तर क्लब उभा राहणार नाही.

तरीही चाहत्यांचे आरोप खोडून काढता येत नाहीत. खर्चाच्या मर्यादा ओलांडल्याने डिसेंबर २०१४ मध्ये क्लबवर खेळाडू खरेदीची बंदी आली. मे २०१७ मध्ये रोव्हर्स केवळ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब याआधी इतका खाली गेला नव्हता. वर्षभरात तो वर आला, पण प्रीमियर लीगचे दार काही उघडले नाही.

जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या लुईस ओब्रायनला घेण्याचा व्यवहार ठरला, पण खरेदीच्या शेवटच्या दिवशी कागद वेळेत पोहोचले नाहीत. त्या हंगामात संघ सातवा आला. सहाव्या क्रमांकाच्या संडरलँडइतकेच गुण, पण गोलफरकाने बढतीच्या प्लेऑफची संधी हुकली. बरोबर एक वर्षाने ऑरलँडोच्या डंकन मॅग्वायरचा व्यवहारही कागदपत्रांतल्या चुकीने फिसकटला. त्याच सुमारास अकादमीत घडलेला, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला १९ वर्षांचा अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना विकला गेला आणि काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या चमूत होता. गावचे पोर इंग्लंडकडून खेळते याचा अभिमान आणि ते आपल्या हातून गेल्याची चुटपुट, दोन्ही एकदमच वाट्याला आले.

याच काळात पैशाची वाटही अवघड झाली. भारतात अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्याने ब्लॅकबर्नला रक्कम पाठवायची तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली आणि एका टप्प्यावर तेवढ्याच रकमेची बँक हमीही द्यावी लागली. लँकेशायरमधल्या एका क्लबचे चाहते दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखांवर डोळे लावून बसू लागले. २०२५ मध्ये रोव्हर्सच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली, कारण परवान्याच्या अटी पुऱ्या करण्याइतका खर्च करायची क्लबची तयारी नव्हती.

या सगळ्यावर मालकांकडून सविस्तर खुलासा क्वचितच येतो. मालक वर्षानुवर्षे ईवुडवर फिरकत नाहीत, ही तर चाहत्यांची सर्वांत जुनी तक्रार. ब्लॅकबर्नच्या नाराजीचा गाभा मला इथे दिसतो. संघ हरण्याची या गावाला सवय आहे. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कुणी समोर नसते, हे त्याला सोसत नाही.

नाराजीचे प्रकार

शेजारीपाजारी पाहिले की, सगळी नाराजी एका जातीची नाही हे कळते.

पहिला प्रकार, मालकच क्लबला लुबाडतो तेव्हाचा. ब्लॅकबर्नहून जवळच समुद्रकाठी ब्लॅकपूल आहे. तिथले मालक ऑयस्टन कुटुंब स्थानिकच. २०१०-११ मध्ये क्लब एकच हंगाम प्रीमियर लीगमध्ये खेळला आणि त्यातून आलेला पैसा क्लबमधून गैररीत्या बाहेर काढला गेला, असा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने दिला. भागीदाराला ३ कोटी १२ लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. ज्यांना ब्लॅकबर्नचा प्रश्न ‘परदेशी मालका’चा वाटतो, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मालकाचा पासपोर्ट काहीच सिद्ध करत नाही.

दुसरा प्रकार, मालकाचे पैसे संपतात तेव्हाचा. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या बरी क्लबला ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकले गेले, कारण देणी फेडण्याची क्षमता त्याला दाखवता आली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेफील्ड वेन्सडे हा जुना नामांकित क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि त्याचे बारा गुण कापले गेले. मालकाची चूक, शिक्षा मात्र संघाला आणि पर्यायाने गावाला.

तिसरा प्रकार ओळखीवर घाव पडतो तेव्हाचा. २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली. पिढ्यानपिढ्या निळ्या पोशाखात खेळणाऱ्या कार्डिफ सिटीला मालकाच्या मर्जीने लाल पोशाख चढवला गेला. २०१२ मध्ये बदललेला तो रंग २०१५ च्या जानेवारीत चाहत्यांच्या रेट्याने पुन्हा निळा झाला.

चौथा प्रकार कर्जाचा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेताना काढलेले कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसले. क्लब श्रीमंत, पण त्याच्या कमाईतून व्याज फिटत राहिले.

आणि पाचवा ब्लॅकबर्नचा : पैसा आहे, वाईट हेतू नाही, पण लक्ष नाही आणि संवाद नाही. हा प्रकार सर्वांत चिवट, कारण त्यात कायद्याचा भंग होत नाही. चुकीचा मॅनेजर नेमणे किंवा पत्राला उत्तर न देणे हा गुन्हा नव्हे.

चाहत्यांच्या हाती काय

सामान्य धंद्यात गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसऱ्या दुकानात जाते. फुटबॉलच्या चाहत्याला ती सोय नाही. रोव्हर्सचा पाठीराखा चिडला म्हणून शेजारच्या बर्नलीचा झेंडा हाती धरणार नाही. मालकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून चाहत्यांची निष्ठा ही त्यांची ताकद असते आणि तीच दुबळी बाजूही.

ब्लॅकपूलकरांनी बहिष्काराचे अस्त्र उचलले. चार हंगाम हजारो माणसे आपल्याच संघाच्या घरच्या सामन्यांना गेली नाहीत. मालकाच्या खिशात आपला पैसा जाऊ द्यायचा नाही, एवढा एकच निर्धार. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर नेमला आणि ९ मार्च रोजी साउथएंडविरुद्धच्या सामन्याला सगळे गाव परत मैदानावर लोटले. ज्यांनी त्या चार वर्षांत आपल्या मुलांना मैदानावर नेले नाही, त्यांचा त्याग मला फार मोठा वाटतो. पण इथे जो निर्णायक घाव बसला तो न्यायालयाचा होता, हे विसरता येत नाही. ब्लॅकबर्नलाही प्रेक्षक घटले. प्रीमियर लीगच्या काळात सरासरी २५ हजारांच्या आसपास येणारी माणसे पुढे काही हंगामांत १५ हजारांच्या खाली गेली. मालकांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तोटा भरून काढणाऱ्याला तिकीटबारीची भीती नसते.

विम्बल्डनच्या चाहत्यांनी दुसरी वाट धरली. २००२ मध्ये त्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, थेट नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परत आले. पोर्ट्समथमध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने २०१३ मध्ये बुडता क्लबच विकत घेतला, कर्जमुक्त केला आणि २०१७ मध्ये मतदानाने मायकेल आयस्नर यांना विकला. दोन्ही उदाहरणे थोर आहेत. पण क्लब विकत घ्यायचा तर आधी तो विकायला निघावा लागतो आणि त्याची किंमत आवाक्यात असावी लागते. ब्लॅकबर्नमध्ये यातले काहीच नाही.

नियम काय करू शकतात

जर्मनीत १९९८ पासून ‘५० अधिक १’ नियम आहे. क्लबमधली बहुसंख्य मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्गसारखे मोजके अपवाद आहेत. तिकिटे स्वस्त राहिली, मैदाने भरलेली राहिली. लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा घाट घातला गेला तेव्हा चाहत्यांनी मैदानांवर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत रद्द करायला लावला. मात्र सभासदांची मालकी म्हणजे सुज्ञ कारभाराची हमी नव्हे. शाल्के हा सभासदांचाच क्लब, पण प्रचंड कर्ज करून २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. बार्सिलोनाही सभासदांचा, तोही कर्जात बुडाला. फरक इतकाच की, बार्सिलोनाच्या सभासदांनी अविश्वासाच्या ठरावासाठी सह्या गोळा केल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्ष बार्टोमेउ यांना जावे लागले. चूक मालकाच्या क्लबात होते, तशी सभासदांच्याही. पण सभासदांच्या क्लबात चूक करणाऱ्याला बदलता येते.

इंग्लंडला जाग आली ती एप्रिल २०२१ मध्ये. सहा बड्या इंग्लिश क्लबांनी परस्पर युरोपीय सुपर लीगमध्ये जाण्याचे ठरवले आणि चाहते रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत शेपूट घातले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रेसी क्राउच यांच्या समितीने स्वतंत्र नियामक नेमण्याची शिफारस केली. जुलै २०२५ मध्ये तसा कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता परवाना घ्यावा लागणार आहे, मालकांची कसून पारख होणार आहे, आणि चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करणे बंधनकारक होणार आहे. मैदान विकणे, बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलणे यापुढे मालकाच्या लहरीवर राहणार नाही.

बरीसारखी गत टाळायला हा कायदा उपयोगी पडेल. ब्लॅकबर्नच्या दुखण्यावर त्याचा उतारा अर्धाच आहे. सल्लामसलतीची बैठक कायद्याने घडवता येते, आस्था घडवता येत नाही. तरीही अर्धा उतारा काहीच नसण्यापेक्षा बरा.

आपल्याकडे

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मोहन बागानच्या नावामागे ‘एटीके’ जोडले गेले, तेव्हा कोलकात्याच्या चाहत्यांनी तीन वर्षे आवाज उठवला आणि मार्च २०२३ मध्ये मालकांनी ते नाव काढले. महाराष्ट्राचा अनुभव याहून कडू आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसीही गेला. प्रत्येक वेळी निर्णय कंपनीच्या कार्यालयात झाला, चाहत्यांना तो वर्तमानपत्रातून कळला. याउलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे आहेत. पेठेतली माणसे वर्गणी काढतात, शाहू स्टेडियम भरते आणि संघ हरला तर तालमीच्या पदाधिकाऱ्यांना चौकातच जाब विचारला जातो. तिथे पैसा थोडा आहे, पण संघ रातोरात दुसऱ्या शहरात जाण्याची भीती कुणालाच नाही.

निवाडा

क्लब कायद्याने मालकाचा असतो, हे कुणी नाकारत नाही. पण १८७५ पासून गावाने जपलेली संस्था ज्याच्या नावावर होते, तो तिचा विश्वस्तही होतो. विश्वस्ताने किती पैसे घातले याला मोल आहेच. तरी हिशेब देणे, समोर येणे आणि चुकले तर चुकले म्हणणे, ही कर्तव्ये त्या पैशाने फिटत नाहीत. चाहत्यांनीही दर पराभव मालकाच्या माथी मारू नये आणि दरवर्षी तोटा भरणाऱ्याला केवळ शत्रू मानू नये.

पुण्याच्या या घराण्याने शून्यातून उद्योग उभा केला, तो शेतकऱ्याच्या दारात जाऊन, त्याच्याशी बोलून. तेच त्यांनी ब्लॅकबर्नला करावे. वर्षातून दोनदा तरी ईवुडवर जावे, चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसावे आणि क्लबसाठी पुढच्या पाच वर्षांचा बेत काय आहे ते सांगावे. तो बेत नसेल, तर क्लबची किंमत जाहीर करून योग्य माणसाच्या हाती तो सोपवावा. यांपैकी एकही गोष्ट न करता दिवस ढकलत राहणे, हा त्या गावावर अन्याय आहे.